मीठ जास्त कुणी सांगितलं

विमल, शोकसभेत सगळ्यांनी तुला शांत म्हटलं.

आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात सतरंज्या घातल्या होत्या, खुर्चीवर तुझा फोटो ठेवला होता, आणि एकेक जण उठून सांगत होता की सिस्टर फार शांत, फार समजूतदार, कधी कुणाला उलट बोलल्या नाहीत. मी मागे भिंतीला टेकून बसले होते. मला हसू आवरेना म्हणून पदर तोंडाला लावला. शेजारच्या बाईला वाटलं मी रडते आहे, तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. धुळ्यात देवपूरच्या खोलीत तू माझ्याशी एका वर्षात जेवढी भांडलीस तेवढं माझं सख्खं भावंडही आयुष्यात भांडलं नाही, हे तिला कुठून माहीत असणार.

तुझं वय, नोकरीची वर्षं, छातीत कळ आल्यावर तू कुठे बसलीस आणि गाडी यायला किती वेळ लागला, हे सगळं लोकांनी सांगितलं. ते मी पुन्हा लिहीत नाही. मला तुझ्याशी दुसरंच बोलायचं आहे, आणि ते मी आठ वर्षांपूर्वी बोलायला हवं होतं.

आपण एकत्र राहायला आलो ते मैत्रिणी होतो म्हणून नाही. घरमालकीण एकट्या मुलीला खोली देत नव्हती, एवढंच. मी एरंडोलची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. तू सोनगीरजवळच्या खेड्यातली, मॅट्रिक होऊन धुळ्याला नर्सिंगच्या ट्रेनिंगला आलेली. अहिराणी दोघींच्या घरची, पण मी कॉलेजात गेल्यावर ती बाजूला ठेवली होती आणि तू त्यावरून मला टोचून बोलायचीस. तू माझ्याशी शाळेतली मराठी बोलायचीस. राग आला की मात्र ती सुटायची आणि अहिराणी यायची. त्यामुळे तू रागावलीस हे मला अर्थ कळायच्या आधी कळायचं.

एका संध्याकाळी तू वॉर्डातून आलीस आणि चपला न काढता उंबऱ्यात बसलीस.

"आज एक पोर आलं होतं," तू म्हणालीस. "जुलाबांनी डोळे खोल गेलेले. सलाईन लावायला शीरच सापडेना. मोठ्या सिस्टरने मीठ-साखरेचं पाणी करून दिलं आणि मला सांगितलं, चमच्याचमच्याने पाज. दुपारभर पाजलं. आत्ता निघाले तेव्हा आईच्या मांडीवर उठून बसलं होतं."

"मग चांगलं झालं की."

"मंदे, साखर कशाला?"

"ताकद यायला."

"खोटं. ताकदीला भाकरी आहे. तू सायन्सची ना? नीट सांग."

मला माहीत नव्हतं, आणि तुझ्यासमोर माहीत नाही म्हणायची माझी तयारी नव्हती. तीन दिवस मी कॉलेजच्या वाचनालयात बसले. मग एका जुन्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर आतड्याच्या आतल्या पेशींची रांग काढून तुला समजावलं. प्रत्येक पेशीला एक पातळ पटल असतं. त्यातून हवं ते हवं तेव्हा आत जात नाही. पाणी जातं, पण ते मिठाच्या मागे जातं. मीठ एकटं आलं तर त्यातलं थोडंच आत शिरतं. पण त्या पटलात एक वाहक असतो, तो साखर आणि मीठ दोघांना जोडीने आत घेतो. जुलाबात बाकीचे मार्ग बिघडतात, हा एक बहुतेक शाबूत राहतो. म्हणून साखर.

तू मला हे तीनदा सांगायला लावलंस. तिसऱ्यांदा डोळे मिटून ऐकलंस आणि म्हणालीस, "म्हणजे साखर पोरासाठी नाही, मिठासाठी. आणि मीठ पाण्यासाठी."

"हो."

"हे आम्हाला कुणी सांगत का नाही?"

"पुढे सांगतील."

"पुढे कधी? उद्या मी एखाद्या आईला सांगेन साखर घाल. ती म्हणेल, घरात नाही, नुसतं मीठ घालते. मग मी काय सांगू?"

यावर मी काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक स्टोव्हला पंप मारायला उठले असेन. त्या वर्षी परीक्षेत पेशीपटलावरच प्रश्न आला आणि मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण पडले. तू माझ्याकडून पेढे वसूल केलेस आणि खाताना म्हणालीस, "अर्धा मार्क मना शेतस." अर्धे मार्क माझे आहेत. ते खरंच होतं, तुझ्यासमोर मी कधी मान्य केलं नाही.

मग तुझी नेमणूक झाली. शहराजवळचं गाव मिळत असताना तू सातपुड्याच्या पायथ्याचं उपकेंद्र घेतलंस. पत्र्याच्या दोन खोल्या, औषधांचं एक लाकडी कपाट, पोरांना तोलायचा काटा. मी देवपुरातच राहिले, ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवू लागले. माझं लग्न झालं. तुझ्या लग्नाचा विषय तू कुणाला काढू दिला नाहीस, मलाही नाही.

दरवर्षी मी वर्गात एक प्रयोग दाखवत आले आहे. एका जांभळ्या पानाची पातळ साल सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची आणि तिच्यावर मिठाच्या दाट पाण्याचा थेंब सोडायचा. बघता बघता पेशीतलं पाणी बाहेर येतं आणि आतला जांभळा गोळा भिंतीपासून सुटून आक्रसतो. याला रससंकोच म्हणतात. मुलं रांगेने डोळा लावून बघतात. बाहेर मीठ जास्त झालं की पेशी पाणी गमावते, हे मी दरवर्षी तीन-चार तुकड्यांना दाखवत होते. हे मुद्दाम लिहिते आहे, विमल. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय माझ्याकडे नाही.

आठ वर्षांपूर्वी श्रावणात मला चार दिवसांची सुट्टी मिळाली आणि मी तुझ्याकडे आले. शिरपूरला गाडी बदलून फाट्यावर उतरले, तिथून चालत. तू नाल्यापर्यंत घ्यायला आली होतीस. पहिल्या दिवशी आपण ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला, आणि तू मला तुझ्या पाड्यांच्या गोष्टी सांगितल्यास. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन घरांतून जुलाबांची बातमी आली. दुपारपर्यंत निम्म्या गावातून. वर डोंगरात पाऊस जोरात झाला होता, नाला भरून वाहत होता, पलीकडे जायची वाट बंद. तिसऱ्या दिवशी तुझ्या कपाटातली जलसंजीवनीची पाकिटं संपली.

तू घाबरली नाहीस. बायकांना हातपंपापाशी बोलावलंस, मोठा तांब्या घेतलास आणि सगळ्यांसमोर पाणी करून दाखवलंस. उकळून गार केलेलं पाणी तांब्याभर, मूठभर साखर नाहीतर तेवढा गूळ, आणि तीन बोटांत येईल एवढंच मीठ. घोटघोट पाजायचं, पोराने ओकलं तर थोडं थांबून पुन्हा पाजायचं. तू त्यांच्या बोलीत बोलत होतीस, त्या मान हलवत होत्या. मग वरच्या पाड्यावरून एक माणूस पळत आला, तिकडे दोन म्हातारी माणसं आडवी झाली होती. पिशवी उचलताना तू मला म्हणालीस, "तू इथे थांब. कुणी आलं तर पाणी करून दे. जास्त शिकवू नको."

मी शिकवलं.

तू गेल्यावर बायका पुन्हा आल्या. त्यांना शंका होत्या, आणि शंका विचारणाऱ्यांपुढे गप्प बसायची मला सवय नव्हती. त्यांच्यात रेमीबाई होती, कडेवर दीड वर्षाची कली. ती म्हणाली, "साखर थोडीशीच शे घरमा." घरात साखर थोडीच आहे. मला तिची ओशाळलेली नजर बघवली नाही. मी तिला आणि सोबतच्या बायकांना सांगितलं, "साखर कमी असली तरी चालेल. खरं काम मीठ करतं. पाणी अंगात धरून ठेवतं ते मीठच."

हे वाक्य मी बोलले. त्यातला शब्द न् शब्द मला पाठ आहे. बोलताना मला बरं वाटलं होतं, कारण रेमीबाईचा चेहरा मोकळा झाला.

चौथ्या दिवशी सकाळी तू परत आलीस, आणि तुझ्या पाठोपाठ रेमीबाई कलीला घेऊन आली. जुलाब थांबले नव्हते, वाढले होते. पण बाकीच्या पोरांसारखी ती मलूल नव्हती. ती किंचाळत होती, भांडं दिसलं की झडप घालत होती, आणि मधेच तिचा एक हात आपोआप उडत होता. तू तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरलीस आणि तुझा चेहरा बदलला. नंतर तू मला सांगितलंस, ती कातडी कणकेसारखी लागत होती, आणि ती अंगात मीठ वाढल्याची खूण.

"काय पाजलंस?" तू विचारलंस.

"तूच सांगेल व्हतं ना बाई," रेमीबाई म्हणाली. "मीठ-साखरना पानी. कालपासून देस."

तांब्या तिच्या हातातच होता. तू बोट बुडवून जिभेला लावलंस. मग तांब्या माझ्यासमोर धरलास. मीही चाखलं. एवढं मीठ कुणी भाजीतही खाणार नाही.

"मीठ जास्ती व्हयनं," तू म्हणालीस. तुझी मराठी सुटली होती.

मी म्हणाले, "साधं पाणी पाज तिला, भरपूर." तू मान हलवलीस. एकदम नको, म्हणालीस, त्याने मेंदूला सूज येते, हिला मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं, तोवर अंगावरचं दूध. नाल्याचं पाणी कमरेपर्यंत उतरलं होतं. चार माणसांनी बाज उचलली, बाजेवर रेमीबाई कलीला छातीशी धरून बसली, आणि तू लुगडं खोचून पाण्यात उतरलीस. उतरण्याआधी वळून मला म्हणालीस, "घरोघर जा. एकेक तांब्या चाख. खारं असेल तर ओतून दे आणि नवं करून दे."

मी गेले. गावातल्या प्रत्येक घरात जाऊन मी बायकांचं पाणी चाखलं. आणखी दोन घरांतलं पाणी तसंच होतं. त्या दोघी रेमीबाईबरोबर माझ्यासमोर उभ्या होत्या. बाकी सगळ्या घरांचं पाणी ठीक होतं, कारण त्यांनी फक्त तुझं ऐकलं होतं. मी ते दोन तांबे उकिरड्यावर ओतले आणि कुणालाच काही बोलले नाही.

कली नऊ दिवस धुळ्याच्या दवाखान्यात होती. वाचली. तू तिच्या उशाशी बसून होतीस. मी रोज डबा घेऊन येत होते आणि रोज ठरवत होते की आज सांगायचं.

मग वरून तुझ्याकडे खुलासा मागवला गेला. मुलीला अतिमीठ पाजलं गेलं याची जबाबदारी कुणाची. तू माझ्या घरी आलीस, ओट्यावर बसून उत्तर लिहिलंस आणि कागद माझ्यापुढे सरकवलास. "शुद्धलेखन बघ," म्हणालीस. त्यात लिहिलं होतं की माप सांगताना माझ्याकडून त्रुटी राहिली, यापुढे काळजी घेईन. 'त्रुटी'तला त्रु तू दीर्घ काढला होतास. मी पेन घेऊन तो ऱ्हस्व केला. कागद तुला परत दिला आणि चहा टाकायला आत गेले.

त्या उत्तरावर तुझ्या नोंदीत ठपका बसला. त्यामुळे दोनदा बढतीच्या यादीतून तुझं नाव मागे गेलं.

तू मात्र त्या खारट पाण्याला सोडलं नाहीस. महिन्याभरात तुझं अंतर्देशीय पत्र आलं. "मीठ जास्त झालं की उलटं का होतं ते बायकांना डोळ्यांनी दिसेल असं काही सांग. घरात मिळेल अशा वस्तूंत." मी बटाटा कळवला. बटाट्याच्या दोन चकत्या, एक साध्या पाण्यात आणि एक दाट मिठाच्या पाण्यात. तासाभराने साध्या पाण्यातली ताठ असते, खारट पाण्यातली लुळी पडते. पुढच्या खेपेला मी आले तेव्हा तू हातपंपापाशी एका आजीच्या हातात ती लुळी चकती ठेवत होतीस. "पोरगं असं होतं," तू तिला सांगितलंस. आजीने चकती वाकवून पाहिली आणि शेजारणीकडे दिली. मी असल्या चकत्या किती मुलांना दाखवल्या असतील, पण त्या आजीसारखं कुणी त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं.

आणि तू एक नियम केलास. पाणी आधी आईने चाखायचं. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर पोराला द्यायचं नाही. माप चुकलं तरी जीभ चुकत नाही, असं तुझं म्हणणं होतं. मी म्हणायचे, जीभ माणसागणिक वेगळी. तू म्हणायचीस, आसवं सगळ्यांची सारखी.

पेजेवरून तर आपलं भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. तू ज्वारीच्या पिठाची पातळ पेज, त्यात चिमूट मीठ, असं सांगायला लागलीस. साखर प्रत्येक घरात नसते, पीठ असतं, आणि पिठाचीही आतड्यात हळूहळू साखरच होते. मी म्हणाले, बरोबर, पण माप नाही, किती पीठ, किती पातळ? धुळ्याच्या बसस्टँडवर उभ्याने आपण यावरून भांडलो आणि तुझी शिरपूरची गाडी निघून गेली. पुढची यायला तास होता, मग आपण बसून भांडलो. आज मी एवढं मान्य करते की बाया पेज जास्त देत होत्या. साखरेचं पाणी त्यांना औषध वाटायचं, पेज म्हणजे जेवण. औषध त्या विसरायच्या, जेवण विसरत नव्हत्या. तुझं बरोबर होतं. मापाचा माझा मुद्दा अजून कायम आहे.

या आठ वर्षांत तू मला एक प्रश्न वरचेवर विचारायचीस. दुसरं काहीतरी बोलता बोलता, भाजी निवडताना, नाहीतर मी निघताना पिशवी भरत असले की.

"मंदे, रेमीनं इतकं मीठ का घातलं असेल?"

मी म्हणायचे, घाबरली असेल. एकदा म्हणाले, बोटं मोठी असतील तिची. एकदा तर म्हणाले, खेड्यातल्या बायका, त्यांना एकदा सांगून कळत नाही. तेव्हा तू निवडायची मेथी खाली ठेवलीस आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलंस. मग पुन्हा मेथी घेतलीस.

शोकसभा संपल्यावर मी व्हरांड्याच्या पायऱ्यांवर चपला शोधत होते. एक बाई जवळ आली, सोबत दोन वेण्या घातलेली, आश्रमशाळेच्या गणवेशातली मुलगी. मी बाईला ओळखलं नाही. तिने मला ओळखलं.

"तू मंदाबाई ना? मास्तरीन?"

"हो."

"मी रेमी. ही कली."

मुलगी उंच झाली आहे, विमल, तुला माहीतच आहे. तिने नमस्कार केला आणि आईच्या मागे उभी राहिली. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, तुम्हाला मी आठवते?

"आठवस ना," रेमीबाई म्हणाली. "तूच सांगं व्हतं, मीठ काम करस."

तिच्या आवाजात दोष नव्हता. माझी खूण म्हणून तिने ते सांगितलं, जसं कुणी म्हणावं, तुमच्या अंगावर तेव्हा हिरवं पातळ होतं. मी पायरीवर बसले. तीही शेजारी बसली.

"हे तुम्ही विमलला कधी सांगितलंत?" मी विचारलं.

"तव्हयच. धुळाना दवाखानामा. पहिलाच दिवस. तिनी इचारं, इतलं मीठ कसाले टाकं? मी बठ्ठं सांगी टाकं."

म्हणजे पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकलं होतं. मी डबा घेऊन यायच्या आधी. तो खुलासा लिहायच्या आधी. शुद्धलेखन बघ म्हणून तू कागद माझ्यापुढे सरकवलास तेव्हा तुला माहीत होतं. मेथी खाली ठेवलीस तेव्हाही.

"ती काय म्हणाली?"

रेमीबाईने जरा आठवून पाहिलं. "माले बोलनी, तू कोनले सांगू नको. ती सांगी. तिले येळ लागी."

ती स्वतः सांगेल, तिला वेळ लागेल.

विमल, त्या दिवशी परत येताना एसटीत मी तुझ्यावर इतकी रागावले होते की रडू आलं नाही. आठ वर्षं. एकदा तोंडावर बोलली असतीस तर मी एका दिवसात मोकळी झाले असते. तू खोलीत स्टोव्हच्या पिनेवरून माझ्याशी दोन दिवस भांडायचीस, आणि या एका गोष्टीवरून भांडली नाहीस. मला दरवेळी दार उघडून देत राहिलीस आणि मी दरवेळी इकडचं तिकडचं बोलत राहिले. सोनगीर मागे पडेपर्यंत मी मनातल्या मनात तुझ्याशी अहिराणीत भांडत होते, जी मी वीस वर्षांत बोलले नव्हते.

राग उतरल्यावर जे राहिलं ते सांगते. तू मला वाचवलंस असं मी म्हणणार नाही. तुला माझ्याकडून ते ऐकायचं होतं, माझ्यावर ढकलायचं नव्हतं, एवढं मला कळलं. माझ्याबद्दल इतकी खात्री माझ्या घरात कुणाला नाही, मलाही नव्हती. त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे, आणि ते ऋण फेडून घ्यायला तू नाहीस, हे मला रोज सकाळी उठल्यावर आधी आठवतं.

पण एका बाबतीत तू चुकलीस आणि ते मी सांगणारच. माझी चूक स्वतःच्या नावावर घ्यायचा तुला अधिकार नव्हता. त्या ठपक्यामुळे तुला इतर नर्सना शिकवायला पाठवलं नाही. आईने आधी चाखायचं, हा तुझा नियम तुझ्या पाड्यांच्या बाहेर गेला नाही. तू बोलली असतीस, किंवा मी बोलले असते, तर तो तालुकाभर गेला असता. आपण दोघींनी मिळून तो अडवला. यावर तू माझ्याशी भांड. मला उत्तर हवं आहे आणि ते आता मिळणार नाही.

मंगळवारी मी कॉलेजातून अर्धी रजा घेतली आणि धुळ्यातल्या त्या कचेरीत गेले, जिथे तुझा खुलासा गेला होता. आदल्या दिवशी घरी बसून पत्र लिहिलं होतं, चार ओळींचं. त्या वर्षी त्या गावात साखर कमी चालेल, खरं काम मीठ करतं, असं बायकांना मी सांगितलं, आणि त्यावरून त्यांनी मीठ वाढवलं. परिचारिकेने सांगितलेलं माप अचूक होतं. ती त्या वेळी दुसऱ्या पाड्यावर होती. खाली माझं नाव, कॉलेज, घरचा पत्ता.

टेबलामागच्या लिपिकाने पत्र दोनदा वाचलं.

"मॅडम, ही फाईल कधीच बंद झाली," तो म्हणाला. "सिस्टरही गेल्या. आता याचं काय करायचं?"

"फाईल काढा आणि हे तिच्या उत्तराच्या वर लावा."

"आता कोण बघणार आहे?"

"तुम्ही बघितलंत ना."

त्याने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्ही नोकरीत आहात. उद्या तुमच्या कॉलेजात विचारणा झाली तर? यात तुम्ही स्वतःला अडकवता आहात."

"विचारू द्या. मी हेच सांगेन."

त्याने आवक नोंदवही ओढली, क्रमांक टाकला, पत्रावर शिक्का मारला आणि पोच माझ्या हातात दिली. मी जिना उतरून खाली आले. रस्त्यावर दुपारचं ऊन होतं, चहाच्या टपरीवर कचेरीतली माणसं उभी होती.

तुझा ठपका पुसला गेला, असं मी तुला सांगत नाही. ते काम त्यांचं, आणि मी दर महिन्याला जाऊन विचारणार आहे, मला वेळ आहे. पण विमल, मीठ जास्त कुणी सांगितलं हे आता कागदावर आहे, आणि त्याखाली सही माझी आहे.